अभिरुचीची मोजदाद आणि न मोजलेला श्रोता

अभिरुची ही वस्तू आपल्याकडे फार सोवळी मानली गेली आहे. ती घराण्यातून येते, संस्कारांतून मुरते, ज्याला ती आहे त्याला ती आहे आणि ज्याला नाही त्याला ती शिकवावी लागते, असा एक समज प्रस्थापित समीक्षेने वर्षानुवर्षे जोपासला. या समजाची झाडाझडती साहित्याच्या क्षेत्रात दलित लेखकांनी केली. संगीताच्या क्षेत्रात ती अजून पुरेशी झालेली नाही. आणि रेडिओच्या बाबतीत तर आपण तो प्रश्न विचारलाच नाही असे म्हणावे लागते. वास्तविक विसाव्या शतकात कोट्यवधी माणसांच्या कानांवर कोणता सूर पडावा आणि कोणता पडू नये, हे ज्या यंत्रणेने ठरवले ती यंत्रणा रेडिओचीच होती.

मी स्वतः या यंत्रणेच्या अगदी खालच्या पायरीवर काही महिने काम केले आहे. ऐंशीच्या दशकात, महाविद्यालयात असताना, शहरातल्या एका संस्थेने घेतलेल्या श्रोता-पाहणीत मी गणक होतो. रेडिओवरचे कोणते संगीत लोकांना आवडते, कोणते नावडते, हे दारोदार जाऊन विचारायचे आणि छापील प्रश्नावलीत खुणा करायच्या. त्या कामाविषयी पुढे लिहिणार आहे. त्याआधी ही प्रश्नावली आली कुठून ते पाहू, कारण ती आपल्याकडे आयती आली होती.

तिचे मूळ गाव व्हिएन्ना. तेथे पॉल लाझार्सफेल्ड नावाचा एक तरुण ज्यू समाजवादी अभ्यासक होता. त्याच्या संशोधन-केंद्राने १९३१-३२ साली ऑस्ट्रियाच्या 'रावाग' या नभोवाणी कंपनीसाठी श्रोत्यांची मोठी पाहणी केली. एक लाखाहून अधिक श्रोत्यांची मते गोळा झाली. प्रत्येक कार्यक्रम-प्रकारासमोर तीनच पर्याय होते : हा जास्त हवा, आहे तेवढाच हवा, की कमी हवा? साधी गोष्ट, पण तिच्यात एक क्रांतिकारक बीज होते. लाझार्सफेल्डने ही उत्तरे धंद्यानुसार व सामाजिक स्तरानुसार वेगळी केली. कामगाराला काय हवे आणि अधिकाऱ्याला काय हवे हे एकाच कोष्टकात शेजारी-शेजारी आले. याच गटाने पुढे मारिएन्टाल या गिरणी बंद पडलेल्या गावातील बेकारांचा अभ्यास केला, तो १९३३ साली प्रसिद्ध झाला आणि आजही समाजशास्त्राचे विद्यार्थी तो वाचतात. रावागची पाहणी मात्र कपाटात पडून राहिली. ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडावे लागले.

साबण विकत घेणारा माणूस तो निर्णय कसा घेतो आणि समाजवादी पक्षाला मत देणारा माणूस तो निर्णय कसा घेतो, हे शोधण्याची पद्धत एकच आहे, असे लाझार्सफेल्डचे म्हणणे होते. हे वाक्य त्याने उत्साहाने सांगितले. आपल्याला ते वाचून थोडी धास्ती वाटायला हवी.

१९३३ साली तो शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला, ऑस्ट्रियातले राजकारण फिरले आणि तो तिकडेच राहिला. १९३७ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशावर प्रिन्स्टन रेडिओ संशोधन प्रकल्प सुरू झाला, त्याचा तो संचालक. सोबत फ्रँक स्टँटन हा सीबीएस या रेडिओ कंपनीतला संशोधक. दोघांनी मिळून एक यंत्र तयार केले. दहाएक माणसांना खोलीत बसवायचे, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक बटण द्यायचे, हिरवे आणि लाल. कार्यक्रम चालू असताना आवडले की हिरवे दाबायचे, नावडले की लाल. काहीच दाबले नाही तर उदासीन. आत कागदाची पट्टी सरकत असे आणि प्रत्येकाच्या बोटाची नोंद क्षणाक्षणाला होत असे. या यंत्राला लोक लाडाने 'लिटल ॲनी' म्हणत. स्टँटन १९४६ साली सीबीएसचा अध्यक्ष झाला, यंत्रही त्याच्या कंपनीच्या कामी आले. संशोधन आणि मालकी यांच्यात अंतर किती उरले होते ते यावरून दिसते.

याच प्रकल्पात संगीत विभागाचे काम करायला १९३८ च्या फेब्रुवारीत टेओडोर अडोर्नो आला. हाही हिटलरमुळे परागंदा झालेला. तत्त्वज्ञ, संगीतरचनाकार, आणि स्वभावाने कमालीचा ताठर. न्यूअर्क गावी एका बंद पडलेल्या दारूभट्टीच्या इमारतीत प्रकल्पाचे कार्यालय होते. तेथे त्याला आवडी-निवडींची कोष्टके दाखवण्यात आली आणि तो चक्रावून गेला. संस्कृती मोजायची म्हणजे काय करायचे, हे त्याला कळेना. मोजता येत नाही अशा मनःस्थितीलाच तर संस्कृती म्हणायचे, अशी त्याची भूमिका. त्याने शंभर-दीडशे पानांचे टिपण लिहिले, लाझार्सफेल्डने त्यावर रागाने शेरे मारले. दोन-अडीच वर्षांतच संगीत विभागाचा पैसा थांबला.

अडोर्नोचा आक्षेप नीट समजून घेतला पाहिजे. श्रोता 'आवडले' म्हणतो तेव्हा तो प्रत्यक्षात 'ओळखले' एवढेच म्हणत असतो, असे त्याचे म्हणणे होते. जे गाणे दिवसातून दहा वेळा कानावर आदळते ते ओळखीचे होते, ओळखीचे म्हणून आवडते, आवडते म्हणून पुन्हा वाजते. रेकॉर्ड कंपन्या आणि गाण्यांचे प्रकाशक कोणते गाणे रेटायचे ते आधी ठरवतात. मग पाहणी करणारा येतो आणि लोकांची आवड म्हणून त्या रेटण्याचेच प्रतिबिंब कागदावर उतरवून घेतो. हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

पण हाच अडोर्नो जॅझविषयी बोलू लागला की त्याचे कान बंद होतात. कृष्णवर्णीयांच्या दुःखातून, चर्चमधून, कापसाच्या शेतांतून आलेल्या त्या संगीतात त्याला बाजाराखेरीज काही ऐकूच आले नाही. त्याच्या मनातही एक लाल बटण होते, फक्त त्याला तार जोडलेली नव्हती. परक्या देशात हद्दपारीचे जिणे जगणाऱ्या विद्वानालाही दुसऱ्या हद्दपाराचा आवाज ऐकू येत नाही, हे आपण लक्षात ठेवलेले बरे. आपल्याकडच्या पुरोगामी संगीत-समीक्षकांविषयी वेगळे काय लिहायचे?

लाझार्सफेल्ड-अडोर्नो वादात एक प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. खोलीत बसवलेली ती दहा माणसे कोण होती? अमेरिकेत रेडिओ-श्रोत्यांची नियमित मोजदाद १९३० साली आर्चिबाल्ड क्रॉसलीने सुरू केली, १९३४ पासून हूपर नावाच्या व्यावसायिकानेही. दोन्ही पाहण्या टेलिफोनवरून होत. आता १९४० साली अमेरिकेतल्या जेमतेम एक तृतीयांशाहून थोड्या अधिक घरांतच टेलिफोन होता. दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या घरांत तर तो अपवादानेच असे. ज्याच्या घरी टेलिफोन नाही त्याला आवड नाही आणि नावडही नाही. त्याचा रेडिओ रात्रभर चालू असला तरी कोष्टकात तो बंदच.

या बंद रेडिओचा आवाज पहिल्यांदा मेम्फिस शहरात फुटला. तेथे डब्ल्यूडीआयए नावाचे २५० वॅटचे, फक्त दिवसा चालणारे एक केंद्र दोन गोऱ्या मालकांनी १९४७ साली काढले होते. ते चालेना. शहराच्या लोकसंख्येत सुमारे चाळीस टक्के कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्यासाठी कुणीच काही प्रक्षेपित करत नव्हते. बुडत्या धंद्याला आधार म्हणून मालकांनी ऑक्टोबर १९४८ मध्ये नॅट डी. विल्यम्स याला माइकसमोर बसवले. विल्यम्स हा बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये इतिहासाचा शिक्षक आणि वृत्तपत्रांत स्तंभ लिहिणारा. शाळा सुटली की दुपारी तो केंद्रावर येई. पहिल्याच दिवशी गोऱ्या श्रोत्यांच्या निषेधाचे फोन खणखणले. म्हणजे टेलिफोन असलेल्यांनी आपले लाल बटण दाबले! मालकांनी या वेळी ते मनावर घेतले नाही, कारण दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक दिसू लागले होते. १९४९ मध्ये सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीयांसाठी झाले, केंद्र बघता बघता शहरात पुढे गेले आणि १९५४ साली त्याला ५०,००० वॅटचे प्रक्षेपक मिळाले. बी. बी. किंग, रुफस थॉमस हे तेथूनच वर आले.

सत्तरच्या दशकात आपण कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी नाते जोडले, १९७२ साली 'पँथर' हे नावही तिकडून घेतले. त्या चर्चेत कवी आले, कादंबरीकार आले. हा दुपारी शाळा सुटल्यावर माइकसमोर बसणारा इतिहासाचा मास्तर फारसा आला नाही. तो यायला हवा होता, आणि त्याच्यासोबत ही अडचणही : केंद्राचे मालक गोरेच राहिले. श्रोता मोजला गेला तो माणूस म्हणून नव्हे, पीठ आणि साबण विकत घेणारा म्हणून. न मोजलेला असण्यापेक्षा हे बरे की वाईट? मला याचे सरळ उत्तर सापडलेले नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या नभोवाणीत श्रोत्याची नावड मोजण्याआधीच प्रक्षेपकाने स्वतःची नावड कायदा करून टाकली होती. १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला आकाशवाणीवर बंदी आली. तिचे स्वर ठरावीक, भारतीय श्रुतींना ती पेलत नाही, ती विलायती, असा युक्तिवाद होता. विलायती मानल्या गेलेल्या पेटीला हद्दपार करणारे नभोवाणीचे नियंत्रक लायनेल फील्डन हे इंग्रज होते, ही गंमत सोडून देऊ. रवींद्रनाथांसारख्यांचाही पेटीला विरोध होता. युक्तिवाद संगीतशास्त्राच्या दृष्टीने अगदीच निराधार नव्हता. पण पेटी कुणाची होती? ती भजनी मंडळाची होती, कव्वालाची होती, तमाशाच्या फडाची होती. आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे शाहीर आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव हिंडत होते, त्या जलशांची होती. पेटी, ढोलकी, तुणतुणे आणि उघडा माळ एवढ्या भांडवलावर एका समाजाने आपले विचारपीठ उभे केले. श्रुतींचा सूक्ष्म हिशेब मांडणाऱ्यांनी नेमके हेच वाद्य अभिरुचीबाहेर ठेवले. ही बंदी १९७१ साली उठली, तीही अंशतः.

याच सुमारास कोठ्यावर गाणाऱ्या कलावंतिणींसाठीही नभोवाणीचे दार बंद होऊ लागले. ज्यांनी ठुमरी जिवंत ठेवली त्यांचे चारित्र्य आड आले. त्या बायका कोणत्या समाजांतून येत, हे सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, ते १९६२ पर्यंत राहिले. चित्रपटगीते त्यांना हलकी आणि बिघडवणारी वाटत. त्यांनी ती कमी करत आणली, गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवली. निर्मात्यांनी परवाने काढून घेतले आणि १९५२ च्या उत्तरार्धात आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले. एका माणसाचे लाल बटण साऱ्या देशाच्या वतीने दाबले गेले. लोकांनी काय केले? मोर्चा काढला नाही, निवेदन दिले नाही. रेडिओची सुई कोलंबोकडे फिरवली. महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला ताकदवान प्रक्षेपक रेडिओ सिलोनला मिळाला होता, आणि १९५२ च्या डिसेंबरात त्यावरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी मुंबईत बसून ध्वनिमुद्रण करत, फिती विमानाने कोलंबोला जात. पत्रांचा ओघ त्यांच्याच सांगण्याप्रमाणे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला. हार पत्करून १९५७ साली ३ ऑक्टोबरला सरकारने 'विविध भारती' सुरू केली.

केसकरांविरुद्ध श्रोत्याने मिळवलेला हा विजय मला मनापासून आवडतो. तरीही पोस्टकार्डाचीच मोजदाद घ्यायची तर पोस्टकार्ड कोण लिहितो, हा टेलिफोनचाच प्रश्न पुन्हा येतो. लिहायला अक्षर हवे, कार्डाचे पैसे हवेत, आणि आपले नाव देशभर ऐकू जावे अशी उमेद हवी. झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव फर्माइशींमुळे सगळ्या देशाला ठाऊक झाले. अभ्रकाचे व्यापारी आणि त्यांच्या अवतीभवतीची शिकलेली मंडळी यांची नावे आपण ऐकली. खाणीत उतरून अभ्रक काढणाऱ्या मजुरांना कोणते गाणे आवडत होते?

मराठी मुलखातला एक प्रयोग तर थेट लाझार्सफेल्डच्या घराण्यातला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राच्या परिसरातील पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत 'रेडिओ शेतकरी मंडळे' स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि त्यावर चर्चा करायची. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते केले पॉल नॉयराट यांनी. व्हिएन्नाचे, दाखाउ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून वाचलेले, पुढे कोलंबिया विद्यापीठात लाझार्सफेल्डच्या हाताखाली शिकलेले. ज्याने काटेरी तार आतून पाहिली त्या माणसाने आपल्या गावच्या चावडीत कोण बसले आहे ते मोजले, हा योगायोग मला अस्वस्थ करतो. चावडीच्या ओट्यावर बसलेला श्रोता मोजणे सोपे आहे. ओट्याखाली, हातभर अंतरावर उभा राहून तोच कार्यक्रम ऐकणाऱ्याला मंडळाचा सभासद म्हणायचे की नाही? सतरंजी किती लांब पसरायची याचा निर्णय संशोधक येण्यापूर्वीच गावाने घेतलेला असतो.

त्याच पुणे केंद्रावर १९५५-५६ मध्ये 'गीतरामायण' गाजत होते, आठवड्याला एक गीत, एकूण छप्पन्न. मराठी अभिरुचीचा तो कळस मानला जातो. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात धर्मांतर झाले आणि वस्त्यावस्त्यांतून नव्या गाण्यांचा पूर आला. वामनदादा कर्डकांसारखा कवी ही गाणी हजारो माणसांच्या तोंडी घालत होता. 'मराठी माणसाला त्या वर्षी काय आवडले' याचा इतिहास लिहिताना पहिली गोष्ट नोंदली जाते, दुसरी नाही.

अमेरिकेत पुढे ही मोजदाद अधिक धारदार झाली. सत्तरच्या दशकात संगीत-केंद्रे लोकांना फोन करून गाण्याचे पाच-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवू लागली. आवडते का, कंटाळा आला का, ऐकताच केंद्र बदलाल का? यातला तिसरा प्रश्न धंद्याचा. आवडीने श्रोता येतो हे खरे, पण नावडीने तो जातो. म्हणून फार थोड्यांना नावडेल तेच वाजवायचे. रॉक केंद्रांनी गोऱ्या तरुणांना हे विचारले आणि त्यांच्या याद्यांतून कृष्णवर्णीय कलाकार एकेक करून गळाले. कुणी वंशद्वेषी आदेश काढला नाही. आकडेच तसे आले म्हणाले! १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग सुरुंगाने उडवण्यात आला. तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटांत प्रवेश. पन्नास हजारांच्या आसपास गर्दी. कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी यांच्या नृत्यगृहांतून हे संगीत आले होते. ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्याही आल्या, असे तेथे कामाला असलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाने नंतर सांगितले. 'मला हे संगीत आवडत नाही' हे वाक्य तोंडात असताना माणसाच्या मनात कोणते वाक्य असते, हे त्या रात्री दिसले.

आता माझी प्रश्नावली. रकाने होते : शास्त्रीय, सुगम, नाट्यसंगीत, चित्रपट, भक्तिसंगीत, लोकसंगीत, पाश्चात्त्य, इतर. प्रशिक्षणात सरावासाठी आम्ही गणकांनीच एकेक अर्ज भरायचा होता. मी 'आवडते' खाली शास्त्रीय लिहिले आणि 'नावडते' खाली लोकसंगीत. वास्तविक तोवर मी एकही राग सलग ऐकला नव्हता आणि माझे चुलते जलशात ढोलकी वाजवत. शेजारी बसलेल्या मुलांची आडनावे मी आधी ऐकली होती, एवढेच. आपण शिकलो की पहिल्यांदा कोणते बटण दाबतो, याचा हा पुरावा मी इतकी वर्षे कुणाला दाखवला नव्हता. वस्तीतल्या कर्ण्याचा आवाज कमी करा म्हणणारे आज आपल्याच वसाहतीत पुष्कळ भेटतात.

तिसऱ्या दिवशी मला मिळालेल्या यादीत नाल्याकडेची एक वस्ती होती. एक बाई भांडी घासत होत्या. रेडिओ ऐकता का, विचारले. "रेडू शेजारणीचा हाय. ती लावील ते ऐकायचं."

"त्यातलं नावडतं काय?"

त्या हसल्या. "दादा, दुसऱ्याच्या रेडूला नावडतं म्हणाया आपण कोण?"

मग आवडते काय, यावर त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "बाबाची गाणी. पर ती रेडूवर कुठं? चौदा एप्रिलला लागलं तर एखादं."

मी रकाने पाहू लागलो. लोकसंगीत? लोकगीताला कर्ता नसतो असे पुस्तकात वाचले होते, आणि यांना तर कवीचे नाव पाठ होते. भक्तिसंगीत? बाबासाहेबांनी भक्तीविषयी काय म्हटले ते मला ठाऊक होते, बाईंनाही असावे. सुगम म्हणावे तर ते गाणे कुणाला सुगम वाटले नसते. मी 'इतर' वर खूण केली आणि समोरच्या रेघेवर 'भीमगीते' असे लिहिले. त्या वस्तीतल्या एकवीस घरांपैकी सोळा घरांत मला तेच लिहावे लागले.

त्याच वर्षांत ध्वनिफितींचे पेव फुटत होते. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पथाऱ्यांवर फितींच्या राशी लागत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज एकमेकांत मिसळत, संध्याकाळपर्यंत कोणता ढीग संपला ते विक्रेत्याला नेमके ठाऊक असे. या देशातल्या अभिरुचीची ती सर्वांत खरी पाहणी होती आणि तिचा अहवाल कुणी लिहिला नाही.

आमचा अहवाल मात्र झाला. महिनाभराने कार्यालयात मी तो चाळला. 'इतर' या रकान्यातील उत्तरे संख्येने अल्प व संमिश्र स्वरूपाची असल्यामुळे त्यांचे स्वतंत्र विश्लेषण केलेले नाही, अशा अर्थाची एक ओळ कोष्टकाखाली होती. मी पर्यवेक्षकांना विचारले की रेघेवर लिहिलेले शब्द कुठे गेले. ते गृहस्थ सज्जन होते. त्यांनी गठ्ठ्यातून माझा एक अर्ज काढून दाखवला. रेघेवर 'भीमगीते' होते, आणि त्यावर लाल पेन्सिलने कुणीतरी दुरुस्ती केली होती : 'भक्ती?'